लव्हाळ्यांचा क्रॉस आणि चार ठिपके

फोन आला तेव्हा मी बसमध्ये, वरच्या मजल्यावर बसले होते. निशाचा होता, माझ्या पुतणीचा. हॉस्पिसमधून निघून मला फार वेळ झाला नव्हता. "काकू," ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "मम्मी गेला."

निशा बर्मिंगहॅममध्ये जन्मली, इथंच वाढली. मराठी हौसेनं बोलते, पण 'तो-ती-ते'शी तिचं कधीच जमलं नाही. चहा 'ती', भाजी 'तो', आणि बस जसा मूड असेल तशी. ती शाळेत जायची तेव्हापासून मी तिला दुरुस्त करत आले आहे. इतकी की तिच्या तोंडून चुकीचा शब्द बाहेर पडायच्या आत माझ्या जिभेवर बरोबर शब्द तयार असतो. त्या दिवशीही झाला. गेला नाही बाळा, गेली म्हणायचं... शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथंच थांबला. बोलले असते तर तो मलाच ऐकावा लागला असता. मी नुसतं "येते" म्हटलं, घंटी दाबली, पुढच्या स्टॉपला उतरले आणि रस्ता ओलांडून परतीच्या बसची वाट बघत उभी राहिले. आजूबाजूला शाळा सुटलेली पोरं चिप्स खात होती. मला त्यांचा विनाकारण राग आला.

निशाची आई, नोरीन, माझी जाऊ. नात्यानं धाकटी, वयानं मात्र माझ्याहून मोठी, आणि या एका गोष्टीवरून आम्ही जन्मभर भांडलो. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतल्या एका खेड्यातून ती नर्सिंग शिकायला बर्मिंगहॅमला आली आणि त्याच हॉस्पिटलात माझे दीर, अनंतभाऊजी, नवीन डॉक्टर म्हणून लागले होते. थोरल्या भावाच्या आधी धाकट्यानं लग्न केलं, तेही परस्पर, तेही एका कॅथलिक मुलीशी. सांगलीला सासऱ्यांनी बरेच दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं म्हणतात. त्यानंतर मी रीतसर, पत्रिका बघून, श्रीकांतशी लग्न करून या देशात आले, तर विमानतळावर मला घ्यायला हीच उभी. लालसर केस, अंगात हिरवा कोट, हातात माझ्या मापाचा अंदाज घेऊन आणलेला आणखी एक कोट. "आय अॅम युवर जाऊ," म्हणाली. 'जाऊ' हा एकच मराठी शब्द तिला तेव्हा येत होता, आणि त्याचा उच्चार ती 'जो' करायची. मी थंडीनं आणि रडण्यानं अर्धमेली झाले होते, तरी हसले.

पुढं सासरे गेले आणि सासूबाई कायमच्या इकडे आल्या. राहिल्या नोरीनकडे, कारण तिच्या घरी खाली एक खोली आणि बाथरूम होतं. मी फार्मसिस्ट, सकाळी लवकर बाहेर पडायची. नोरीन रात्रपाळ्या करायची, म्हणजे दिवसभर सासू-सून दोघीच घरात. सासूबाईंना इंग्रजी यायचं नाही. तेव्हा नोरीनच मराठी शिकली. पण कुठलं मराठी? सासूबाईंचं! "आई, च्या घेताय का?" "लई थंडी हाय, बाहीर नका जाऊ." मेयोच्या हेलात मिरज-सांगलीकडची बोली. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक वळून वळून बघायचे. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, जरा शुद्ध बोल." तर म्हणाली, "आई शुद्ध बोलत नाहीत का?"

सासूबाईंच्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आयर्लंडात फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला संत ब्रिजिडचा दिवस असतो. आदल्या दिवशी ओढ्याकाठचे लव्हाळे उपटून आणतात, उपटायचेच, कापायचे नाहीत, आणि एकात एक दुमडत त्यांचा क्रॉस विणतात. मधे विणलेला चौकोन, आणि त्याच्या चार बाजूंनी निघालेले चार हात, पण एका रेषेत नाहीत, प्रत्येक हात जरासा सरकलेला. फिरकीसारखा दिसतो तो. दारावर लावला की घराला आग लागत नाही, वर्षभर सांभाळ होतो, अशी समजूत. नोरीनची आई दरवर्षी विणायची. नोरीनही इथं विणायची, कौन्सिलच्या बागेतल्या तळ्याकाठचे लव्हाळे चोरून. त्या वर्षी तिनं तो स्वयंपाकघराच्या दारावर लावला आणि ड्युटीवर गेली. सकाळी सासूबाई उठल्या, बघतात तर दारावर स्वस्तिक! आयरिश सुनेनं स्वतःच्या हातानं विणलेलं! त्यांचे डोळेच भरून आले. त्यांनी आंघोळ केली, स्टुलावर चढल्या, क्रॉसला हळद लावली, कुंकू लावलं, वर एक फूल खोचलं आणि सांगलीला ट्रंककॉल लावून नणंदेला कळवलं की पोरगी आपल्यात आली.

अनंतभाऊजी खाली आले आणि बायको यायच्या आत हे पुसायला हवं म्हणून धावले. ओलं फडकं घेऊन ते क्रॉस पुसायला स्टुलावर चढले, तेवढ्यात रात्रपाळी संपवून नोरीन घरात आली. तिनं दाराकडे पाहिलं. कुंकवाचा ओघळ चौकटीपर्यंत आला होता. "डोन्ट यू डेअर," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी आई तीर्थ शिंपडते. या कुंकू लावतात. क्रॉसला काय त्याचं?" मग दरवर्षी तेच. नोरीन विणायची, सासूबाई हळदकुंकू वाहायच्या आणि शिऱ्याचा नैवेद्य दाखवायच्या. लव्हाळे आणायलाही पुढं दोघी बरोबर जाऊ लागल्या. पूजेची फुलं दुसऱ्याच्या कुंपणातून तोडायची सासूबाईंना जन्माची सवय, तिचा कौन्सिलच्या बागेत चांगलाच उपयोग झाला.

सासूबाईंच्या हातावर गोंदण होतं. कोपराच्या खाली तुळशीवृंदावन, हनुवटीवर एक ठिपका. शेवटच्या आजारपणात त्यांना आंघोळ घालायचं काम नोरीनचं, आमचं कुणाचं त्या ऐकायच्या नाहीत. एकदा मी टॉवेल धरून उभी होते आणि नोरीननं त्या हिरव्या तुळशीवरून साबणाचा हात फिरवत विचारलं, "आई, हे का काढलं?" सासूबाई म्हणाल्या, "सोनंनाणं हितंच काढून घेत्यात बाई. ह्ये कुनाला काढता येत न्हाई, ह्ये संगट येतंय. वर गेल्यावर आपली मानसं ह्येच बघून वळखत्यात." मी टॉवेल पुढं केला आणि विषय बदलला, कारण मला असल्या गोष्टींचा वैताग आहे. नोरीन मात्र हात तसाच धरून राहिली. पाणी गार होईपर्यंत.

तिच्या मनात तेव्हा काय आलं असेल, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिची आई लग्नाला आली नव्हती. निशाच्या जन्मानंतर हळूहळू जाणंयेणं सुरू झालं, पण जरा लांबूनच. आणि मग म्हातारपणी आईला विसरायला होऊ लागलं. नोरीन भेटायला गेली, आईच्या समोर खुर्ची घेऊन बसली. तिच्या गावाकडे कुणी अनोळखी मुलगी दुकानात दिसली की म्हातारी माणसं विचारतात, "हू डू यू बिलाँग टू?" अगदी आपल्याकडे "तू कुणाची गं?" विचारतात तसंच, त्याच सुरात. आईनं नोरीनला तेच विचारलं. नोरीननं वडिलांचं नाव सांगितलं. आई म्हणाली, "त्यांची एक मुलगी होती. इंग्लंडला गेली. ती काही परत आली नाही." नोरीननं मग आईला चहा करून दिला आणि संध्याकाळच्या बोटीनं परत आली. नंतर आई गेली. हे सगळं तिनं मला सांगितलं ते आजारी पडल्यावर, स्वयंपाकघरात, कांदा चिरताना. कांदा मी चिरत होते.

आजार पहिल्यापासूनच वाईट होता. रेडिओथेरपीसाठी तिच्या छातीवर नेम धरायला शाईचे बारीक ठिपके गोंदले होते, कायमचे. त्याच दिवशी ते दाखवून ती म्हणाली, "शुभा, हे त्यांनी काढले. आता मला माझ्या मर्जीचं एक काढायचंय." मला वाटलं थट्टा करतेय. टॅटू म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं फुटबॉल बघून येणाऱ्या लोकांचे दंड. मी शाईत काय काय असतं यावर तिला व्याख्यान दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आई म्हणाल्या होत्या, ते बघून ओळखतात. माझी आई मला ओळखणार नाही, शुभा. एकदा नाही ओळखलं. मला दुसऱ्यांदा ते नकोय."

देव, स्वर्ग, वरची माणसं, यातलं मी काहीच मानत नाही. पण ते वाक्य ऐकल्यावर मी कांदा बाजूला ठेवला आणि हात धुतले.

मग नक्षी निवडायचा सोहळा सुरू झाला. रविवारी दुपारी निशा टॅबलेट घेऊन यायची. तिच्या स्वतःच्या खांद्यावर एक पक्षी आहे, त्यामुळे ती या विषयातली घरातली तज्ज्ञ. "काकू, हे बघ, केल्टिक डिझाइन्स किती छान आहे!" 'आहेत' म्हण, असं म्हणून मी चष्मा लावायची. एकात एक गुंतलेल्या दोऱ्यांच्या गाठी, ज्यांना सुरुवात नाही आणि शेवट नाही. हार्प, म्हणजे त्यांची वीणा. तीन दलांचं हिरवं पान. दोन हातांनी धरलेला बदाम आणि त्यावर मुकुट. जुन्या दगडांवरची तीन भोवऱ्यांची आकृती. नोरीन एकेक बाद करत गेली. वीणेला म्हणाली, "ही आमच्याकडे नाण्यावर असते. मी काय नाणं आहे?" पानाला म्हणाली, "हे आमच्या विमानांच्या शेपटीवर." गाठींकडे बघून नाक मुरडलं, "हे पबच्या दारावर." मला मात्र त्या गाठी फार आवडल्या होत्या. एकच रेषा निघते, सगळीकडे फिरून स्वतःपाशी परत येते, अगदी आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. मी दोन रविवार त्या गाठींची बाजू लढवली. म्हटलं, "अगं, हा तुझा वारसा आहे, हजार वर्षांचा." नोरीन म्हणाली, "हजार वर्षांपूर्वीचं माझ्या आईला काय ठाऊक? तिला लव्हाळे ठाऊक होते. तुला गाठ आवडली असेल तर तू काढून घे ना!" अनंतभाऊजी पेपरामागं हसले, आणि मग कितीतरी वेळ त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

म्हणजे ठरलं. ब्रिजिडचा क्रॉस, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला.

डिगबेथ भागातल्या एका टॅटूच्या दुकानात आम्ही तिघी गेलो. मला वाटलं होतं अंधारी, भीतिदायक जागा असेल, तर ती दंतवैद्याच्या दवाखान्यासारखी स्वच्छ निघाली. तिथला दाढीवाला तरुण मुलगा अदबशीर होता. त्यानं नोरीनचं चित्र पाहिलं, जरा घुटमळला आणि म्हणाला की डिझाइन सुंदर आहे, पण लांबून बघणाऱ्याला, म्हणजे... काही लोकांना ते वेगळंच काही वाटेल. निशा लाल झाली. मीही, पण वेगळ्या कारणानं. आयुष्यभर या देशात मी दाराबाहेर स्वस्तिक काढायचं टाळत आले आहे, दिवाळीतसुद्धा, शेजाऱ्यांना समजावत बसायला नको म्हणून. ते सगळं एकदम वर आलं. "आमच्याकडे ते उंबऱ्यात असतं," मी त्या बिचाऱ्या पोराला म्हटलं, "आणि यांच्याकडे दारावर. ज्यांनी वाटोळं केलं ते तिसरेच!" नोरीननं माझ्या हातावर हात ठेवला. "लांबून बघणाऱ्यांसाठी मी काढतच नाहीये, लव्ह," ती त्याला म्हणाली. तो हसला, म्हणाला, मग करू या. पण तारीख देण्याआधी त्यानं औषधोपचारांबद्दल विचारलं आणि ऐकल्यावर डायरी मिटली. उपचार करणाऱ्या कन्सल्टंटला विचारल्याशिवाय नाही. कन्सल्टंट म्हणाला, रक्तातल्या पेशी इतक्या कमी असताना सुई अजिबात नाही. ट्रीटमेंट संपली की बघू. ट्रीटमेंट संपली... पण ज्या अर्थानं संपायला हवी होती त्या अर्थानं नाही.

नोरीन रडणारी बाई नव्हती. पण त्या रविवारी मी गेले तर ती स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि माझी चाहूल लागूनही वळली नाही. मी पर्स उघडली. सोहो रोडवरच्या दुकानातून मेंदीची पूड आणली होती, नुसती पानांची, आत कसली भेसळ नसलेली. तयार कोनातल्या काळ्या मेंदीवर माझा विश्वास नाही, आणि तिची कातडी तर तेव्हा कागदासारखी झाली होती. लिंबाच्या पाण्यात पूड भिजवली, प्लॅस्टिकचा कोन वळला, तिचा हात ओढून टेबलावर ठेवला. "हे काय?" "गप्प बस." मधला चौकोन काढला, त्यातलं विणकाम बारीक रेघांनी भरलं. मग चार हात, एकेक जरासा सरकवून. छान उतरलं. आणि शेवटचा हात पूर्ण झाल्याबरोबर माझी बोटं आपोआप पुढं गेली आणि त्यांनी चार हातांमधल्या चार मोकळ्या जागांत चार ठिपके देऊन टाकले.

आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला नको. स्वस्तिक काढलं की ठिपके आलेच. लहानपणापासून हाताला वळण असतं, डोकं विचारात घेतलंच जात नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. "थांब, थांब, पुसते," म्हणत कापूस शोधायला उठले, तर नोरीननं मनगट छातीशी धरलं. "काय आहेत ते?" मी सांगितलं. ती त्या चार ठिपक्यांकडे बघत राहिली आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, "असू देत. आईंना पण ओळखता यायला पायजे ना."

मेंदी वाळेपर्यंत हात धरून बसली. मग लहान मुलीसारखं विचारलं, "शुभा, हे चालतं का? मेंदी? का गोंदणच लागतं?" मी कोण सांगणार? मी तर या सगळ्याला थोतांड म्हणणारी. पण घरातल्या थोरल्या सुनेनं द्यावं तसं मी ठाम उत्तर दिलं, "चालतं. फक्त निघायच्या वेळी पुसट असता कामा नये." नियम मी तिथंच, त्या टेबलाशी तयार केला. आणि केला म्हटल्यावर पाळणं आलं.

त्यानंतर ती मेंदी फिकी पडू द्यायची नाही हे माझं काम झालं. जरा रंग उतरला की मी कोन घेऊन हजर. पण खरी अडचण वेगळीच होती. नोरीनला मेंदी रंगतच नव्हती. गार हात, औषधांनी कोरडी पडलेली कातडी. रात्रभर ठेवली तरी सकाळी फिकट नारिंगी, हळदीचा हात लागल्यासारखी. लिंबू-साखरेचं पाणी लावून पाहिलं, निलगिरीचं तेल लावून पाहिलं. नोरीन आधी मनगट बघायची आणि मग माझ्याकडे. मला ते सहन व्हायचं नाही. ती हॉस्पिसमध्ये गेल्यावर मी शेवटचा उपाय काढला, लवंगांची धुरी. तिथल्या नातेवाइकांसाठीच्या छोट्या किचनमध्ये तव्यावर लवंगा टाकल्या, चांगला धूर निघाला, आता वाटी झाकून तिच्याकडे न्यावी म्हणते तो अलार्म केकाटायला लागला. नर्सेस धावल्या, व्यवस्थापक धावले, एक आजोबा वॉकर घेऊन दारापर्यंत आले. मी तव्याची दांडी धरून उभी. नोरीन उशांना टेकून इतकी हसली की तिला ऑक्सिजन लावावा लागला. "शुभा," ती म्हणाली, "एका फटक्यात सगळे आले की गं मला भेटायला."

शेवटच्या दुपारी ती बहुतेक झोपेतच होती. अनंतभाऊजी तिचा उजवा हात धरून बसले होते, मी डावा घेतला. मनगट इतकं बारीक झालं होतं की क्रॉस आधीपेक्षा लहान काढावा लागला. चौकोन, चार हात, चार ठिपके. शेवटचा ठिपका देताना तिनं डोळे उघडले, आधी हाताकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "लवंगा नकोत हं," म्हणाली. मी म्हटलं, "नाही आणल्या." तिनं डोळे मिटले. मी निशाला बजावलं की वाळेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नको, श्रीकांतच्या जेवणाचं बघून येते, आणि बस पकडली.

परत पोचले तेव्हा मेंदी वाळून तिला भेगा पडल्या होत्या. नर्सनं हळू आवाजात विचारलं, धुऊन टाकायचं का? मी म्हटलं, मी करते. चमच्याच्या कडेनं खपली काढली, तेलाचा बोळा फिरवला. खाली तोच फिकट नारिंगी रंग... मेंदीचा रंग नंतर हवा लागून चढतो, एकदोन दिवसांत, हे मला ठाऊक आहे. रंग बसतो तोही कातडीच्या वरच्या, आधीच मेलेल्या थरावर, हेही ठाऊक आहे. फार्मसिस्ट आहे मी. पण ते सगळं मी ऊब असलेल्या हातांवर पाहिलं होतं. निशा माझ्या खांद्याशी उभी होती. "काकू, तो लाइट झाला का?" मी तिला दुरुस्त केलं नाही.

त्यांच्या रीतीप्रमाणे चर्चमधल्या अंत्यविधीच्या मासच्या आदल्या संध्याकाळी नोरीनला घरी आणलं. पुढच्या खोलीत पेटी, झाकण उघडं, किचनमध्ये चहाची आधणं आणि सँडविचची ताटं, माणसांची ये-जा. मला पेटीपाशी जायचा धीर होईना. शेवटी गेले. तिचा निळा कार्डिगन, बोटांमधे जपमाळ, डावा तळवा वर वळवलेला. डाव्या बाहीचं टोक मनगटावर आलं होतं. मी ते दोन बोटांनी मागं सारलं.

रंगली होती. गर्द, जांभळट तपकिरी, लग्नात नवरीची रंगावी तशी. विणकामाची रेघन् रेघ, चारही ठिपके. तिच्या हातावर इतकी ती एकदाही चढली नव्हती. मी बाही तशीच धरून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा अशा गोष्टीसाठी कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले, पण कुणाचे मानायचे ते कळेना.

शेजारी एक फार म्हाताऱ्या बाई आल्या. नोरीनच्या चर्चमधल्या असाव्यात. काठी टेकत वाकल्या आणि मनगटाकडे बघून एकदम म्हणाल्या, "अगं बाई, ब्रिजिडचा क्रॉस! माझी आई विणायची." त्यांचं बोलणं थेट नोरीनच्या हेलातलं. त्यांनी सुरकुतलेलं बोट त्या मेंदीवरून हलकेच फिरवलं, चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "हू डिड शी बिलाँग टू?"

मला तिच्या वडिलांचं नाव ठाऊक होतं. गाव ठाऊक होतं. ते सांगायलाच तोंड उघडलं होतं.

"आमची," मी म्हटलं. मराठीत.

बाईंनी मान डोलावली. त्यांना कळलं असावं, कारण पुढं त्यांनी काही विचारलं नाही.

याला आता दीड महिना झाला. मी मेंदी हातमोजे न घालता कालवते, त्यामुळे शेवटच्या वेळची माझ्या तर्जनीच्या नखावरही बसली. कातडीवरून मेंदी आठवड्याभरात जाते, नखाला मात्र नख वाढेल तेव्हाच सोडते. परवा चष्मा लावून पाहिलं, तर नखाच्या वरच्या भागात तो गर्द रंग आणि मुळाशी कोरं, फिकट नवं नख. दोन्हींच्या मधे स्पष्ट काठ आहे. काठाच्या वरचं नख नोरीन होती तेव्हाचं. खालचं ती गेल्यानंतर आलेलं. ते रोज थोडं वाढतंय, मला काही वाटो न वाटो. काल रविवार होता. दुपारी नेलकटर घेऊन खिडकीशी बसले, नऊ नखं कापली, आणि दहाव्याशी कटर नेऊन परत खाली ठेवलं. श्रीकांत म्हणाले, "अगं, एक राहिलं की."

"राहू दे," मी म्हटलं.